खुले पत्र : दोन भिंतींच्या मधे राहिलेले पोलीस

प्रति,
राष्ट्रीय पोलीस स्मारकाची जबाबदारी पाहणारे केंद्रीय गृह मंत्रालयातील अधिकारी,
तसेच सर्व राज्यांचे पोलीस महासंचालक

विषय : पोलीस दलातून सैन्यात जाऊन युद्धात मृत्यू पावलेल्यांची स्वतंत्र नोंदवही तयार करण्याबाबत.

महोदय,

पोलिसाची नोकरी सोडून, किंवा वरिष्ठांची परवानगी घेऊन, सैन्यात भरती झालेला आणि पुढे युद्धात मारला गेलेला माणूस आपल्या देशाच्या कोणत्या स्मारकात बसतो, हा प्रश्न मी या पत्राद्वारे जाहीरपणे आपल्यापुढे ठेवत आहे. शोध घेतला तर उत्तर असे मिळते की, पोलीस म्हणून तो कुठेच बसत नाही. यात कोणी मुद्दाम अन्याय केला आहे असे मला वाटत नाही. दोन खात्यांनी आपापल्या याद्या आपापल्या नियमांनी केल्या आणि हा माणूस दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीतून खाली गेला, एवढेच घडले आहे. तरीही ही फट बुजवणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी लागणारे बरेचसे कागद आपल्याच दप्तरांत असण्याची शक्यता आहे, म्हणून हे पत्र सैन्याला न लिहिता आपणांस लिहीत आहे.

नवी दिल्लीत चाणक्यपुरी येथे राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे उद्घाटन 21 ऑक्टोबर 2018 रोजी झाले. तेथील शौर्यभिंतीवर त्या वेळी 34,844 नावे होती, आणि ती सर्व स्वातंत्र्यानंतर कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या पोलिसांची होती. त्यानंतर चारच महिन्यांनी, 25 फेब्रुवारी 2019 रोजी, इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्धस्मारक खुले झाले. तिथल्या भिंतींवर कोरलेली 25,942 नावेही स्वातंत्र्योत्तर काळातल्या सैनिकांचीच होती. दोन्ही स्मारके देखणी आहेत, आणि त्यांना कुठूनतरी सुरुवात करणे भाग होते, हेही मान्य. पण दोन्हींची सुरुवात एकाच वर्षापासून होत असल्यामुळे 1914 ते 1918 आणि 1939 ते 1945 या दोन महायुद्धांत मेलेला पोलिसाचा सैनिक झालेला माणूस दोन्हींच्या बाहेर राहतो. तो पहिल्या महायुद्धात मेला असेल तर सैनिक म्हणून त्याला कदाचित इंडिया गेटवर जागा मिळालेली असेल. तिथे तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, जरी ते स्मारक सत्तर हजारांहून अधिक मृतांसाठी उभारलेले असले तरी. मात्र तो पोलीस होता, ही गोष्ट तिथला दगडही सांगत नाही.

असे किती लोक होते, असा प्रश्न आपल्या कार्यालयातून सर्वप्रथम विचारला जाईल. पूर्ण आकडा आज कोणी देऊ शकणार नाही, कारण मोजणीच झालेली नाही, पण हा दहावीस माणसांचा विषय नव्हे हे निश्चित सांगता येते. पहिल्या महायुद्धाच्या काळात आसाम मिलिटरी पोलीस नावाचे दल होते. आज सैन्यात शिस्त पाहणाऱ्या लाल टोपीवाल्या मिलिटरी पोलिसांशी त्याचा संबंध नाही. ते प्रांतिक सरकारचे सशस्त्र पोलीस दल होते, सरहद्दीवर ठाणी सांभाळणारे आणि डोंगराळ मुलखात गस्त घालणारे. या दलातले तीन हजारांहून अधिक लोक त्या युद्धात सैन्याकडे, मुख्यतः गुरखा पलटणींकडे, गेले आणि युरोपात व पश्चिम आशियात लढले. त्यांच्या कामगिरीची दखल म्हणून 1917 साली दलाला 'आसाम रायफल्स' हे नाव मिळाले. थोडक्यात, दलाच्या आजच्या नावामागे सैन्यात गेलेल्या पोलिसांचा हिशेब आहे. नाव टिकले, ज्यांच्यामुळे ते मिळाले ती माणसे मात्र गुरखा पलटणींच्या यादीत मिसळून गेली.

बर्मा मिलिटरी पोलिसांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ब्रह्मदेश 1 एप्रिल 1937 पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता, आणि तिथल्या या दलात पंजाबी, शीख, गुरखे अशा हिंदुस्थानातून गेलेल्या लोकांचा मोठा भरणा होता. युद्ध पेटल्यावर या दलातून सैन्याच्या पलटणींना माणसे पुरवली गेली. ती ज्या पलटणीत गेली तिच्या नावाने मेली. त्यांची गावे आज भारतात, पाकिस्तानात किंवा नेपाळात आहेत, त्यांचे दल ज्या देशात होते तो देश वेगळा झाला, आणि ज्या सरकारचे ते नोकर होते ते सरकार राहिले नाही. अशा माणसाला आपला म्हणायला कोणीच पुढे येत नाही, कारण प्रत्येकाला तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो.

ही दले निदान सशस्त्र होती आणि त्यांच्या तुकड्याच्या तुकड्या गेल्या, त्यामुळे त्यांचा माग काढणे तुलनेने सोपे आहे. खरी अडचण जिल्हा पोलिसांची आहे. एखाद्या ठाण्यातला शिपाई किंवा हवालदार एकटाच उठून भरतीला गेला असेल, तर त्याची कथा सांगायला दलाचा इतिहास उपयोगी पडत नाही. पण इथेच आपल्या दप्तरांचे महत्त्व आहे. 1861 च्या पोलीस कायद्याच्या नवव्या कलमानुसार पोलिसाला वरिष्ठांच्या परवानगीवाचून किंवा दोन महिन्यांची लेखी सूचना दिल्यावाचून नोकरी सोडता येत नसे. मुंबई इलाख्यासाठी 1890 चा वेगळा कायदा होता, तरी मनात आले आणि शिपाई निघून गेला असे तिथेही चालत नव्हते. म्हणजे माणूस रीतसर गेला असेल तर त्याच्या जाण्याचा कागद झालेला असणार. अर्ज, त्यावरचा शेरा, मंजुरीचा हुकूम, जमा केलेल्या सरकारी सामानाची यादी, रिकाम्या जागेवर दुसऱ्याची नेमणूक : यांपैकी एखादी तरी नोंद कुठल्यातरी वहीत उतरलेली असणार. पोलीस खाते आणि कागद यांचे नाते आपणांस मी सांगण्याची गरज नाही.

त्या शिपायाचा बक्कल नंबर दुसऱ्याला दिला गेला असेल. पलटणीत त्याला नवा नंबर मिळाला, आणि पुढे एका पलटणीतून दुसरीत पाठवला गेला असेल तर तोही बदलला असेल, कारण त्या काळी हिंदी सैनिकाचा नंबर पलटणीपुरताच असे. एकाच माणसाचे दोन किंवा तीन नंबर, वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या वह्यांत, आणि नावाचे इंग्रजी स्पेलिंग लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानावर अवलंबून. या वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे काम आजवर झालेले नाही. ते किचकट आहे, पण अशक्य नाही. बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा या चार गोष्टी जुळल्या की माणूस सापडतो, आणि पहिल्या महायुद्धातल्या अनेक हिंदी सैनिकांच्या मृत्यूनोंदींत या गोष्टी लिहिलेल्या आहेत. त्या नोंदींत सहसा नसतो तो पूर्वीचा पेशा.

मृत्यूनंतर नाव उरणे न उरणे हेदेखील माणूस कुठे मेला यावर ठरले, हे इथे सांगितले पाहिजे. फ्रान्समध्ये नव शापेल येथे 1927 साली उघडलेल्या स्मारकावर 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांची आणि कामगारांची नावे आहेत. साधा शिपाईसुद्धा तिथे नावाने आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्यांसाठी बसऱ्याला उभारलेल्या स्मारकावर मात्र हिंदी पलटणींतील अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि शिपाई-हवालदारांची केवळ संख्या लिहिली, पलटणीच्या नावाखाली अमुक इतके, अशी. ज्या मराठा पलटणी त्या मोहिमेत होत्या, ज्यांतली 110 वी 1916 च्या एप्रिलमध्ये कूत येथे शरणागतीनंतर कैदेत गेली, त्यांच्या शिपायांच्या वाट्याला तिथे संख्याच आली. दोन्ही महायुद्धांतल्या राष्ट्रकुलाच्या मृत सैनिकांच्या समाध्या व स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाने 2021 च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही विषमता कबूल केली. पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान 1,16,000, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, लोकांची नावेच कुठे आली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, असे तो अहवाल सांगतो. यांत बहुसंख्य लोक आफ्रिकेतले व आशियातले होते. आयोगाने माफी मागितली, आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेतही माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, परक्या संस्थेने आपली वही पुन्हा उघडली. आपण आपली उघडावी, एवढेच माझे मागणे आहे.

यावर आपल्याकडून दोन आक्षेप येतील, असे मी धरून चालतो. पहिला असा की, हा माणूस मेला तेव्हा तो पोलीस नव्हता, म्हणून पोलीस स्मारकाशी त्याचा संबंध नाही. कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांच्या भिंतीचा नियम म्हणून हे बरोबर आहे, आणि त्या भिंतीवर ही नावे कोरा असे मी म्हणतही नाही. 21 ऑक्टोबर 1959 रोजी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात मारले गेलेले दहा पोलीस पोलीस म्हणूनच मेले. त्यांच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या दिवसाचा अर्थ पातळ करावा अशी माझी इच्छा नाही. माझी मागणी भिंतीची नसून वहीची आहे. स्मारकाला जोडून पोलिसांचे संग्रहालय आहे. तिथे एक स्वतंत्र नोंदवही असावी, आणि तिची प्रत प्रत्येक राज्याच्या पोलीस मुख्यालयात असावी. त्या माणसाला कवायत पोलिसांनी शिकवली, शिस्त पोलिसांनी लावली, रात्रपाळीची सवय पोलिसांत लागली, आणि सैन्याला तो हवासा वाटला तो याच तयारीमुळे. तयार केलेला माणूस दुसऱ्या खात्यात जाऊन मेला म्हणून पहिल्या खात्याने त्याचे नाव विसरावे, असा नियम कुठेही लिहिलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ते लोक साम्राज्यासाठी लढले, प्रजासत्ताकाने त्यांची नोंद का ठेवावी? हा प्रश्न मला उडवून लावायचा नाही. त्या काळचा पोलीस हा परकीय सत्तेचा हात होता, मोर्चांवर लाठी चालवणारा होता, आणि 1917-18 मध्ये पंजाबात भरतीसाठी जी सक्ती झाली तिच्यात गावपातळीवरील सरकारी यंत्रणेचा हातभार होता. सैन्यात गेलेल्या एखाद्या पोलिसाने आधी इतरांना भरतीसाठी दटावलेही असेल. म्हणूनच मी 'गौरव' हा शब्द टाळून 'नोंद' म्हणतो आहे. नोंद ठेवायला माणूस निष्कलंक असावा लागत नाही. शिवाय आपली दलेच आपला जन्म 1947 नंतरचा मानत नाहीत. आसाम रायफल्स आपली स्थापना 1835 पासून मोजते. केंद्रीय राखीव पोलीस दल आपला स्थापनादिन 27 जुलै हा पाळते, कारण 1939 साली त्या दिवशी नीमच येथे क्राउन रिप्रेझेंटेटिव्ह्ज पोलीस म्हणून ते उभे राहिले. अनेक राज्यांच्या पोलीस दलांनाही आपला एकोणिसाव्या शतकातला इतिहास सांगताना संकोच वाटत नाही. मग वय मोजायला ब्रिटिश काळ चालतो आणि मेलेली माणसे मोजायला चालत नाही, ही गोष्ट पटण्यासारखी नाही. वारसा घ्यायचा तर जमेबरोबर खर्चाची बाजूही घ्यावी लागते.

उलट दिशेचा रस्ता आपल्याला चांगला माहीत आहे. सैन्यातून निवृत्त होऊन पोलिसांत येणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात भरतीत समांतर आरक्षण आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर दहशतवाद्याची बंदूक हातांनी धरून ठेवणारे आणि मरणोत्तर अशोकचक्र मिळालेले तुकाराम ओंबळे हे आधी सैन्यात होते, हे त्यांच्याविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येकजण आवर्जून सांगतो. ते योग्यच आहे, कारण त्यांची आधीची नोकरी त्या रात्रीपासून वेगळी काढता येत नाही. हाच न्याय पोलिसांतून सैन्यात गेलेल्याला मिळायला हवा. त्याच्याबद्दल 'आधी पोलीस होता' हे सांगणारे कोणी नाही.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाकडे त्याच काळात वेगळ्या नजरेने पाहिले गेले. तिथे सैन्यातून बाहेर पडून पोलीस झालेले, पण राखीव यादीवर असलेले, अनेक शिपाई ऑगस्ट 1914 मध्ये लगेच परत बोलावले गेले. त्यांच्या कुटुंबांच्या भत्त्याबाबत त्याच वर्षी कायदा झाला. युद्धानंतर अनेक पोलीस दलांनी आपल्या इमारतींत सैनिक म्हणून मेलेल्या सहकाऱ्यांच्या नावांचे फलक लावले. तिथल्या ठाण्यात येणारा माणूस त्या फलकाकडे बघतो की नाही, ही गोष्ट वेगळी. पण दलाने आपली माणसे मोजली होती. आपल्याकडे तेच सरकार होते, तेच युद्ध होते, आणि हिंदी शिपायाच्या बाबतीत मात्र ही मोजणी कोणाला सुचली नाही किंवा आवश्यक वाटली नाही.

ती इथेही करता आली असती, हे पंजाबच्या उदाहरणावरून दिसते. युद्ध संपल्यावर 1919 साली पंजाब सरकारने गावनिहाय नोंदवह्या तयार केल्या होत्या, ज्यांत सुमारे 3,20,000 जणांची माहिती आहे. लाहोरच्या संग्रहालयात त्या जवळजवळ शतकभर पडून होत्या. अलीकडे त्यांचे संगणकीकरण सुरू झाले आणि 2021 च्या नोव्हेंबरपासून लोकांना त्यांतून आपले पणजोबा शोधता येऊ लागले. महाराष्ट्रात असे काही हाताशी नसले तरी सातारा, रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या आहेत : या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मेले. तिथेही नाव नाही, आकडाच आहे. या पाट्यांवरच्या आकड्यांत पोलिसांतून गेलेले किती, हे शोधायचे तर जिल्हा पोलिसांच्या जुन्या वह्यांवाचून दुसरा मार्ग नाही.

मी सुचवतो ती नोंदवही साधी असावी. नाव, बापाचे नाव, गाव, कोणत्या पोलीस दलात कोणत्या हुद्द्यावर होता, कधी गेला, कोणत्या पलटणीत गेला, कुठे आणि कधी मेला, आणि ही माहिती कोणत्या कागदावरून घेतली, एवढे पुरे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा मानावा, कारण एकदा सरकारी शिक्का असलेल्या यादीत चुकीचे नाव गेले की ते काढणे किती कठीण असते हे आपण जाणता. 'शहीद' म्हणायचे की 'हुतात्मा', यावरचा वाद या वहीत आणू नये. सुरुवात आसाम रायफल्सपासून करावी, कारण ते दल अजून अस्तित्वात आहे आणि त्याला स्वतःच्या इतिहासाचे भान आहे. तीन हजार नावांतून मृतांची नावे वेगळी काढणे हे एका अधिकाऱ्याला आणि दोन अभ्यासकांना झेपणारे काम आहे. बर्मा मिलिटरी पोलिसांसाठी दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसची दप्तरे पाहावी लागतील. जिल्हा पोलिसांचे काम शेवटी आणि सावकाश व्हावे.

या निमित्ताने आजचा एक मुद्दाही नोंदवतो. आजही एखादा तरुण पोलीस शिपाई सैन्याची परीक्षा देतो, ना हरकत प्रमाणपत्र घेतो, राजीनामा मंजूर करून घेतो आणि अकादमीत किंवा पलटणीत रुजू होतो. त्याच्या सेवापुस्तकात शेवटची ओळ राजीनाम्याची असते. पुढे तो सीमेवर मेला तर त्याचे नाव राष्ट्रीय युद्धस्मारकावर जाईल, त्याच्या गावात पुतळाही उभा राहील, पण ज्या जिल्हा मुख्यालयाच्या मैदानावर त्याने पहिली परेड केली तिथे ही बातमी सरकारी मार्गाने पोहोचण्याची काहीही सोय नाही. सैन्याकडून संबंधित पोलीस अधीक्षकांना एक पत्र जावे आणि मिटलेल्या सेवापुस्तकात एक ओळ वाढवली जावी, एवढी व्यवस्था करायला नवा कायदा लागणार नाही. दोन खात्यांतील पत्रव्यवहार पुरेल.

महाराष्ट्रापुरते सांगायचे तर राज्य पुरालेखागाराची मुंबई व पुणे येथील दप्तरे अभ्यासकांना खुली आहेत. जिल्हा पोलीस कार्यालयांतले जुने कागद मात्र बहुतेक ठिकाणी गठ्ठ्यांत बांधलेले आहेत. ते पाहायचे तर परवानगी कोणी द्यायची, इथूनच अडचण सुरू होते, आणि मुदत संपलेले कागद नष्ट करण्याचा नियमही डोक्यावर आहेच. म्हणून राज्यांच्या पोलीस महासंचालकांना माझी पहिली विनंती अशी की, 1914 ते 1920 आणि 1939 ते 1947 या वर्षांच्या नेमणूक, राजीनामा आणि हुकूम यांच्या वह्या नष्ट करू नयेत, असे परिपत्रक ताबडतोब काढावे. त्या तपासून घेण्याचे काम नंतर ठरवता येईल. काही कागद मोडीत असतील, तर मोडी वाचणारी माणसे महाराष्ट्रात अजून आहेत आणि त्यांतली कितीतरी मानधनाची अपेक्षा न ठेवता हे काम करतील. त्यांना वह्यांपर्यंत पोहोचू देणारा लेखी आदेश आपल्या कार्यालयातून निघाला पाहिजे.

कळावे,

आपला नम्र,
पोलीस लाइनीत वाढलेला एक नागरिक